अण्णांना बाहेर बसवायचं, पण सांगायचं कुणी?

पत्र

मॅडम, नमस्कार.

मी चोवीस वर्षांचा आहे. आमची बारा जणांची बास्केटबॉलची टीम आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला सिमेंटच्या कोर्टवर खेळतो. यंदा मला कॅप्टन केलंय. अडचण अण्णांची आहे. अण्णा एक्केचाळीस वर्षांचे, एके काळी राज्याकडून खेळलेले. आम्हा सगळ्यांना बॉल धरायला त्यांनीच शिकवलं. आजही पूर्ण चाळीस मिनिटं तेच खेळतात, बॉल तेच वर आणतात, शेवटचा शॉट तेच मारतात. गेल्या दोन्ही स्पर्धांत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. समोरच्या पोरांनी नुसतं पळवून मारलं. अण्णा अर्ध्या कोर्टपर्यंत परत येईतो तिकडे रिंगखालून ले-अप पडलेला असतो.

आमच्यात एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, वाऱ्यासारखा पळतो. त्याला मॅचमध्ये चार-पाच मिनिटं मिळतात. तो आता दुसऱ्या टीमकडे जायचं म्हणतोय. टीममध्ये रोज वाद. एक जण म्हणतो, अमेरिकेतला लेब्रॉन चाळिशीत खेळतो, मग अण्णांनीच काय पाप केलंय? दुसरा म्हणतो, घोडा म्हातारा झाला की टांग्याला जुंपत नाहीत.

अण्णांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. आमच्या जर्सी, प्रवेश फी, बाहेरगावी जायची गाडी, सगळं तेच बघतात. मे महिन्यात रात्रीच्या मॅचेस आहेत. वय झालेले मोठे खेळाडू खरंच टीमच्या उपयोगी पडतात, की नुसतं नाव असतं? तुम्ही खेळलेल्या आहात म्हणून विचारतो.

– एक कॅप्टन, सोलापूर

उत्तर

प्रिय कॅप्टन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तू शेवटी विचारलास, पण दुखणं त्याच्या वरच्या ओळींत आहे. जर्सी, फी, गाडी. तिकडे येतेच. आधी वयाचं बघू, कारण तुमच्या टीममधले दोन्ही वकील अर्धं अर्धं बरोबर बोलतायत.

चाळिशी म्हणजे आपल्याकडे वयही आणि चष्माही. चष्म्याची चाळिशी लागली की हातातल्या पेपरातली अक्षरं पुसट होतात, पण सात रस्ता चौकाच्या पलीकडची पाटी स्वच्छ वाचता येते. बास्केटबॉलमधली चाळिशी तशीच असते. पायाजवळचं जातं. पहिलं पाऊल, उडी, वाकून झटक्यात दिशा बदलणं, हे सगळं दर वर्षी थोडं थोडं झिजतं. लांबचं मात्र पंचविशीत कधी दिसलं नसेल इतकं लख्ख दिसतं. कोण कट मारून रिंगकडे धावणार, कुठला डिफेंडर आळसावलाय, शॉट चुकला तर बॉल कुठल्या अंगाला पडणार.

तिशीनंतर माणसाचा दम दर दहा वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. रोज घाम गाळणाऱ्याचा हळू उतरतो, पण उतरतो. स्नायूंतले झटक्याचं काम करणारे तंतू आधी कमी होतात, म्हणून उडी आधी जाते आणि शॉटचा हात मागे राहतो. सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे थकवा भरून निघणं. आज मॅच खेळून अण्णा उद्या हसत कोर्टवर येतील. गुडघा हिशेब मागेल तो परवा. तुमच्या स्पर्धेत सलग तीन रात्री मॅच असली, तर पहिल्या रात्रीचे अण्णा आणि तिसऱ्या रात्रीचे अण्णा ही दोन वेगळी माणसं धरून चाल.

आता लेब्रॉन जेम्स. जन्म ३० डिसेंबर १९८४, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, २००३ पासून. २०२४-२५ च्या मोसमात चाळिशी ओलांडली, तरी मॅचमागे चोवीसच्या वर पॉइंट. खरंच आहे, डोळे फाटतात. पण २००३ च्या ज्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो आला, त्यात निवडलेला दुसरा कुणी आज एनबीएत उरलेला नाही. एकाचं बघून सगळ्यांचा हिशेब मांडू नये. शिवाय शरीर सांभाळणं हेच त्याचं काम आहे, दिवसभराचं. आपले अण्णा सकाळी माग सुरू करणार, सुताच्या भावावरून दुपारी घासाघीस करणार, आणि साडेसहाला येऊन सिमेंटवर उड्या मारणार. लेब्रॉन लाकडी कोर्टवर खेळतो रे. सिमेंटवर खेळून बघ म्हणावं.

पण टांगेवाला मित्रही चुकतोय. त्याला एक गोष्ट सांग.

१९८५ ची एनबीए फायनल. लॉस एंजेलिस लेकर्स आणि बोस्टन सेल्टिक्स. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार तेव्हा अडतीस वर्षांचा. पहिली मॅच बोस्टनमध्ये, आणि लेकर्स १४८-११४ असे धुतले गेले. सात फूट दोन इंचांचा हा माणूस, त्याचे बारा पॉइंट आणि रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल, किती? तीन. एवढ्या उंचीच्या माणसाच्या अंगावर नुसता बॉल पडला तरी तीनपेक्षा जास्त येतील. म्हातारा संपला, असं सगळे बोलू लागले. नंतर टीम मॅचची फिल्म बघायला बसली, तेव्हा करीम सगळ्यात पुढे येऊन बसला. कोच पॅट रायलीनं त्याच्या चुका सगळ्यांसमोर दाखवल्या, त्यानं ऐकून घेतल्या. दुसऱ्या मॅचला त्याचे ३० पॉइंट, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास. लेकर्सनं मालिका ४-२ अशी जिंकली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला करीम.

कसं जमलं? त्याचं हत्यारच असं होतं की त्याला उडीची फार गरज नव्हती. स्काय हूक. अंग आडवं करायचं, हात पूर्ण वर न्यायचा आणि मनगटानं बॉल सोडायचा. मधे अख्खा देह असतो, अडवणारा पोचणार कसा? जो शॉट विशीत उडीवर उभा असतो तो पस्तिशीत पडतो. जो तंत्रावर उभा असतो तो टिकतो. शिवाय हा माणूस योगासनं करायचा, त्या काळात, अमेरिकेत. आपल्याकडे पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले की तोंडं वाकडी होतात.

गोष्ट इथे थांबवली तर फार गोड होईल, म्हणून पुढचंही सांगते. तोच करीम १९८८-८९ चा शेवटचा मोसम खेळला तेव्हा सरासरी दहा पॉइंटवर आला होता. त्या वर्षी फायनलमध्ये डेट्रॉइटनं लेकर्सना ४-० असं घरी पाठवलं. चार वर्षांपूर्वीचा राजा, तोच माणूस, तोच हूक. वय झालेला खेळाडू उपयोगी पडतो का, या प्रश्नाला कायमचं उत्तर नसतं. प्रत्येक मोसमात नव्यानं विचारावं लागतं.

दुसरी फसगत आकड्यांची. मायकेल जॉर्डन निवृत्तीतून परत येऊन २००१ ते २००३ वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळला. चाळिसाव्या वाढदिवसानंतर चारच दिवसांनी, २१ फेब्रुवारी २००३ ला, त्यानं एका मॅचमध्ये ४३ पॉइंट मारले. डोक्यावर घेऊन नाचावं असाच पराक्रम. पण त्या दोन्ही मोसमांत त्याची टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचली नाही. कोबी ब्रायंटनं २०१६ मध्ये शेवटच्या मॅचला ६० पॉइंट मारले, त्यासाठी शॉट घेतले ५०. लेकर्स त्या मोसमात ८२ पैकी १७ मॅच जिंकले होते. अण्णांनी वीस पॉइंट मारले आणि तुम्ही पंधरानं हरलात, असं कधी झालंय का? झालं असणार. मॅच संपल्यावर सगळे वीस पॉइंटबद्दलच बोलले असणार.

म्हणून पहिलं काम सांगते. एक वही घे. पुढच्या तीन-चार सराव मॅचेसना जो बाहेर बसलाय त्याच्या हातात दे. अण्णा आत गेले तेव्हाचा स्कोअर लिहायचा, बाहेर आले तेव्हाचा लिहायचा. आपण किती मारले, किती खाल्ले. अण्णा चाळीस मिनिटं बाहेरच येत नसतील तर दर पाच मिनिटांचा हिशेब लिही. आणखी एक खूण बघ, ती कुठल्या आकड्यात सापडत नाही. फ्री थ्रोसाठी शिट्टी वाजते आणि सगळे रेषेवर उभे राहतात, तेव्हा अण्णांचे हात कुठे असतात? कमरेवर असले तर ठीक. शॉर्टची कड धरून गुडघ्यावर टेकले असले, तर पुढच्या दोन मिनिटांत ते मागे पळणार नाहीत. कुठल्या मिनिटाला हात गुडघ्यावर गेले ते लिहून ठेव. माझा अंदाज, सात-आठ मिनिटांच्या सलग खेळानंतर जातील. अंदाज माझा, वही तुझी. वही खरी धर.

वहीतून काय निघेल? बहुतेक असं निघेल की चाळीसपैकी पंधरा-सोळा मिनिटं अण्णा सोन्यासारखे आहेत आणि उरलेल्यांत तुम्ही चारच जण खेळताय. मग वाद 'अण्णा हवेत की नकोत' हा राहतच नाही. कुठली पंधरा मिनिटं, एवढंच ठरवायचं राहतं.

सॅन अँटोनिओ स्पर्सनं हे सगळ्यांत शहाणपणानं केलं. कोच ग्रेग पोपोविच. मोठा खेळाडू टिम डंकन. मार्च २०१२ मध्ये एका मॅचला डंकनला विश्रांती दिली, तर अधिकृत स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण काय छापून आलं? 'म्हातारा'. पस्तीस वर्षांचा होता तेव्हा. डंकनच्या जागी आपल्याकडचा कुणी असता तर दोन महिने अबोला धरला असता. पण दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, स्पर्स विजेते झाले तेव्हा डंकन अडतीसचा होता आणि त्या मोसमात त्या टीममधला एकही खेळाडू सरासरी तीस मिनिटं खेळला नव्हता. मॅच अठ्ठेचाळीस मिनिटांची असते तिथे. त्याच टीमचा मानू जिनोबिली अर्जेंटिनाचा ऑलिंपिक सुवर्ण विजेता, आणि कारकिर्दीचा मोठा भाग तो बेंचवरून आत आला. सुरुवातीच्या पाचांत नाव पुकारलं गेलं नाही म्हणून त्याचं काही कमी झालं नाही. आपल्याकडे पहिल्या पाचांत नसणं म्हणजे पंगतीतून उठवल्यासारखं वाटतं. हा आपला रोग आहे.

आता अण्णांना काम काय द्यायचं. बॉल वर आणायचं काम आधी काढून घे, ते तुझ्या एकोणीस वर्षांच्या वाऱ्याला दे. समोरच्यांनी प्रेस लावली, पूर्ण कोर्टभर अडवलं, की म्हातारे पाय तिथेच संपतात. हल्ला करताना अण्णांना फ्री थ्रो रेषेच्या जरा बाहेर, मधोमध उभं कर, हाय पोस्टला. बॉल त्यांच्या हातात आला की चार पोरं कट मारतात आणि ते वरून पाहून पास देतात. पळायची गरज नाही, लांबचं दिसण्याची आहे. बचावाला टू-थ्री झोन लाव, दोघं पुढे, तिघं मागे, प्रत्येकानं आपली जागा राखायची, आणि त्यांना मागच्या तिघांत मधे ठेव. एनबीएत डिफेंडरला रिंगखाली उगाच तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपण खेळतो त्या आंतरराष्ट्रीय नियमांत बचावासाठी तसं बंधन नाही. तिथे उभं राहून पार्श्वभागानं माणूस अडवायचा, बॉक्स आउट करायचा, आणि ओरडत राहायचं. "डावीकडे! स्क्रीन येतोय!" हा आवाज विशीतल्या पोराच्या गळ्यातून निघत नाही, कारण स्क्रीन, म्हणजे वाट अडवायला उभा राहिलेला माणूस, त्याला अंगावर लागल्यावरच कळतो.

दुसऱ्या क्वार्टरला पाच मिनिटं, तिसऱ्यात चार-पाच, आणि शेवटची पाच. शेवटची पाच सोडू नकोस. तेव्हा खेळ सावकाश होतो, टीमच्या फाउलची मर्यादा भरलेली असते, दर फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि रेषेवर हात न थरथरणारा माणूस लागतो. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यानं बास्केट केली की घड्याळ थांबतं आणि तुला खेळाडू बदलता येतो. तेव्हा अण्णांना हल्ल्यासाठी आत घे. बचावाला बाहेर काढायचं असेल तर शिट्टी वाजायची वाट बघावी लागेल, हे लक्षात ठेव. एवढं गणित कॅप्टननं करायचंच असतं.

अण्णांना हे नवं काम जमेल का? जेसन किडचं बघ. तरुणपणी त्याच्या शॉटची थट्टा व्हायची. वय वाढलं तसा पळण्याचा खेळ आटला आणि त्यानं थ्री पॉइंटर घोटून घोटून बसवला. २०११ मध्ये अडतीसाव्या वर्षी डॅलसकडून विजेता झाला. मात्र २०१३ मध्ये न्यूयॉर्ककडून खेळताना शेवटच्या दहा प्लेऑफ मॅचेसमध्ये त्याला एकही पॉइंट करता आला नाही. एकही. मोसम संपला आणि त्यानं निवृत्ती घेतली, लगेच कोच झाला. दोन वर्षांत एवढा फरक. तू आज अण्णांशी जे ठरवशील ते यंदापुरतं ठरव.

आता जर्सीचं.

तू लिहिलं नाहीस, पण तुला वाटतंय ते मला कळतं: ज्याच्या पैशानं गाडी येते त्याला उतरवायचं कसं? आपल्या गावात निम्म्या टीम एका माणसाच्या खिशावर चालतात, मंडळंही तशीच. मे महिन्याच्या आधी बारा जणांत वर्गणी काढा. दोनशे-दोनशे का होईना. प्रवेश फी तेवढी तरी पोरांनी भरा. जर्सी अण्णांची राहू दे, त्यांना आनंद आहे त्यात. पण सगळं त्यांचं असेल तर तू कॅप्टन नाहीस, मॅनेजर आहेस. अण्णांनाही कधीच कळणार नाही की पोरांना आपण खेळायला हवे आहोत की गाडीसाठी. हा संशय त्यांच्या मनात नसेल असं समजू नकोस. कारखानदार माणूस आहे.

आणि सांगायचं तोंडानं. हे मी का सांगते, त्याला कारण आहे.

छत्तीसाव्या वर्षी मी खेळत होते. दोन मुलं झाली होती, नोकरी होती, तरी टीमचा पॉइंट गार्ड, बॉल वर आणून खेळ रचणारी, मीच. माझ्यामागे एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिनं दोन मोसम माझ्यासाठी पाण्याची बाटली धरली. मला वाटायचं, मी नसले तर टीमचं काय होईल. एकदा मॅचनंतर टाकीवर तोंड धुवायला गेले, तर पलीकडून पोरींचा आवाज आला. "मॅडम बसल्या तर जिंकू बे आपण." हसणं. मी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले, पाण्याचा आवाज थांबून त्यांना पलीकडे मी आहे हे कळू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात स्पर्धेची यादी नोटीस बोर्डवर लागली. मी अकरा नावं वाचली, बारावं वाचलं, खालची सही वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. ज्यांनी ती यादी केली ते रोज माझ्याशी बोलत होते. एकानंही आधी सांगितलं नव्हतं. काढलं ते बरोबरच होतं, हे मी त्याच महिन्यात मान्य केलं. पण सगळ्यांना माहीत होतं आणि मला एकटीला नव्हतं, ते अजून जात नाही.

ती मुलगी? तिनं वर्षभरात खेळ सोडला. पुष्कळ वर्षांनी नव्या पेठेत भेटली, हातात मुलीच्या शाळेचे बूट. म्हणाली, "मॅडम, बाकावर बसून बसून मॅचची भीतीच बसली हो मला." मी काय बोलणार? तुझ्या एकोणीस वर्षांच्या पोराचं आधी बघ म्हणते ते यासाठी. अण्णांकडे अजून कारखाना आहे, घर आहे, नाव आहे. त्या पोराकडे ही दोन-तीन वर्षंच आहेत.

तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकून मोकळा होऊ नकोस. कोर्टवर, पोरांसमोरही नको, तिथे ते गुरू आहेत. कारखान्यात नको, तिथे ते मालक आणि तू देणेकरी. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जात असतील तर तिथे गाठ. वही सोबत ने. सुरुवात कौतुकानं करू नकोस, कौतुक ऐकलं की जाणता माणूस ओळखतो की पुढे काय येतंय. सरळ काम माग. "अण्णा, शेवटच्या पाच मिनिटांत तुमच्याशिवाय बॉल सांभाळणारा कोण हाय सांगा. तेव्हा तुमचे पाय ताजे पायजेत मला." मग वही उघड.

ते चिडतील. चिडू दे. दोन दिवस येणारही नाहीत कदाचित. त्यांच्याच कारखान्यातला मागांची देखभाल करणारा जुना जॉबर त्यांना आठवेल असं काहीतरी बोल. तो जॉबर आता स्वतः माग चालवत नाही, पण एखादा माग अडला की नुसत्या खटखटीवरून कुठे बिघडलंय ते सांगतो, आणि त्याच्याशिवाय पाळी चालत नाही. अण्णा त्याला काढून टाकतात का? नाही ना. आणि चार माग चालवायलाही लावत नाहीत.

ऐकलंच नाही तर? तर निर्णय तुझा आहे, कॅप्टन तू आहेस. पाचांत नाव घेऊ नकोस आणि शिव्या खा. डायना तोरासी माहीत आहे का तुला? नसेल, तुम्ही पोरं बायकांचा खेळ बघत नाही. अमेरिकेची, बायकांच्या बास्केटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ती बेचाळीस वर्षांची होती. स्पर्धेत सुरुवातीला पहिल्या पाचांत होती, पुढे कोचनं तिला बेंचवर आणलं. फायनल फ्रान्सशी, अमेरिका ६७-६६ अशी जिंकली. एका पॉइंटनं! अशा मॅचमध्येही तिला एक मिनिट आत घेतलं नाही. गळ्यात सहावं सुवर्ण घालून ती घरी गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत निवृत्त झाली. त्या कोचला काय वाटलं असेल ते तू आता समजू शकतोस.

उलटंही होतं. मायामी हीटचा उडोनिस हॅस्लेम वीस मोसम एकाच टीमकडे राहिला. शेवटची काही वर्षं तो क्वचितच मैदानात उतरायचा, बेंचवरून पोरांना सांभाळायचा. २०२३ च्या फायनलमध्ये दोन दिवसांनी त्रेचाळीस पूर्ण होणार असताना तो थोडा वेळ खेळला. अण्णांना हे काम आवडेल असं मला वाटत नाही, अजून त्यांच्यात खेळ आहे. पण दोन वर्षांनी लागेल, नाव लक्षात ठेव.

एक काम मात्र उद्याच कर. चाळिशी ओलांडलेला माणूस मे महिन्यात स्पर्धा खेळणार असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यायला सांग. आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि रात्री आठलाही सिमेंट तापलेलं असतं, तळव्याला कळतं. सराव मॅचनंतरचा दिवस त्यांना पूर्ण सुट्टी. सराव मातीच्या मैदानावर जमला तर आठवड्यातून दोनदा तिथे घ्या, उड्या नाहीत, नुसते पास आणि शॉट. आणि त्यांचे बूट बघ. या वयाचे खेळाडू जुने बूट सोडत नाहीत, ज्यात जिंकलो ते बूट म्हणून. उजव्या टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झालेली असेल. तुमच्या पहिल्या वर्गणीतून नवी जोडी घ्या, अण्णांच्या मापाची.